नर्सनं संशोधन करायचं तरी कशावर?

‘औषध डॉक्टर लिहून देतात, तपासण्या लॅबवाले करतात. मग नर्सनं संशोधन करायचं तरी कशावर?’ इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी हे विचारतंच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मधुमेहाचा किंवा बीपीचा रुग्ण महिन्यातून एकदा दवाखान्यात आला आणि दर वेळी त्याला दहा मिनिटं मिळाली, तर वर्षाचे झाले दोन तास. वर्षात तास असतात 8,760. बाकी सगळा वेळ आजार सांभाळतात तो रुग्ण आणि त्याच्या घरचे. आमचा अभ्यास त्या वेळाचा.

ज्युलिएट कॉर्बिन या नर्सनं समाजशास्त्रज्ञ अँसेल्म स्ट्रॉस यांच्याबरोबर 1985 साली मांडलं, की दीर्घ आजारात घरी तीन कामं चालू असतात. गोळ्या-पथ्याचं एक, रोजच्या संसाराचं दुसरं आणि आजारासकट आपलं आयुष्य नव्यानं जुळवून घेण्याचं तिसरं. दवाखान्यात चौकशी होते ती बहुतेक पहिल्याचीच.

आपल्याकडचे उपासच घ्या. चतुर्थी आहे म्हणून एखाद्या काकू सकाळची गोळी सोडतात. दुसऱ्या काकू ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी नेमानं घेतात आणि दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर राहतात. हे जास्त धोक्याचं. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि घरचे म्हणतात, उपासानं अशक्तपणा आला! संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर तीच साखर चढते. ‘उपास करू नका’ असं दटावलं, की काकू पुढच्या वेळी उपासाचा विषयच काढत नाहीत. ‘उपास कसा करता, पहिला घास किती वाजता घेता?’ असं विचारलं तर सगळं मोकळेपणानं सांगतात. मग डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाची गोळी ठरवता येते. सांगून झाल्यावरही ‘समजलं ना?’ असं विचारून भागत नाही, मान सगळेच हलवतात. ‘घरी सुनेला हे कसं सांगाल?’ असं विचारायचं. कोणत्या विचारण्यानं साखर, बीपी आणि माणसाची भीती यांत किती फरक पडतो, हे नीट मोजणं म्हणजे नर्सिंगचं संशोधन.

प्राथमिक सेवेत डॉक्टरांचं काम नर्सनं केलं तर काय होतं, याच्या अभ्यासांचा आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2018 मध्ये घेतला. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित नर्सनं पाहिलेल्या रुग्णांची तब्येत तितकीच चांगली, क्वचित थोडी अधिक चांगली राहिली. पण ते अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले. तिथलं उत्तर उचलून माळव्यात आणता येत नाही. इथे सकाळ पोह्यांवर शेव पसरूनच होते, आणि घरात मीठ किती पडायचं हे बहुधा सासूबाई ठरवतात.

आपल्या उपकेंद्रांवर आता कम्युनिटी हेल्थ ऑफिसर बसतात. त्यांत नर्सिंग शिकलेल्या मुली पुष्कळ. त्यांचा दिवस नोंदी भरण्यातच गेला तर हे सगळं विचारणार कोण? म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी सध्या एकच विषय सुचवते: बीपी नॉर्मल आलं की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणारी माणसं. त्यांच्या घरी जा, आधी ऐका, मग प्रश्नावली काढा.