मुलाच्या मांडीतल्या टायटॅनियमच्या तारा : माझा अनुभव

जांभळीच्या झाडावरून पडून माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. सासरे म्हणाले, त्यांच्या काळी कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून पोराला महिना-दीड महिना खाटेवर निजवून ठेवायचे. आमच्या डॉक्टरांनी मात्र 'टेन्स' सुचवलं. म्हणजे टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना सरळ ताराच म्हणायच्या.

नमुना हातात घेतला आणि पोटात गोळा आला. साडेतीन मिलिमीटर जाडीची, जोर लावला की वाकणारी काडी!

"डॉक्टर, मोठ्या माणसांना घालता तसा जाड रॉड का नाही?"

तो रॉड खुब्याकडून घालतात आणि लहान मुलांत त्यामुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, असं ते म्हणाले. या तारा गुडघ्याच्या जरा वरून, हाड जिथून वाढतं ती ग्रोथ प्लेट टाळून, आतल्या बाजूने एक आणि बाहेरच्या बाजूने एक अशा सरकवतात. आधी त्यांना धनुष्यासारखा बाक देतात. पोकळीत गेल्यावर त्या हाडाच्या भिंतींना आतून विरुद्ध बाजूंनी रेटा देत राहतात आणि त्या रेट्यावरच मोडलेलं हाड जागेवर राहतं. टायटॅनियम स्टीलच्या साधारण निम्मंच ताठ असतं, आणि इथे नेमकं तेच हवं असतं. जोडाला किंचित हालचाल मिळाली की नवं हाड चांगलं धरतं. एकेका तारेची जाडी पोकळीच्या सुमारे 40 टक्के ठेवतात. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या सर्जननी 1980च्या आसपास ही पद्धत रुळवली. मूल पन्नास किलोच्या घरात असेल तर या तारा कमी पडू शकतात. आमचा तर काडीपैलवान.

ऑपरेशन सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत झालं, मोडल्या जागी चीर द्यावीच लागली नाही. खरा त्रास नंतर. गुडघ्यापाशी कातडीखाली तारांची टोकं टोचायची, त्यामुळे तो पाय वाकवायलाच तयार नसे. या ऑपरेशनची ही नेहमीची तक्रार आहे म्हणे. आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एक्स-रेत कॅलस, म्हणजे मोडल्या जागी धरलेलं नवं हाड, दिसल्यावरच पायावर पूर्ण भार द्यायची परवानगी मिळाली, तोवर वॉकर. सासूबाई अधूनमधून हाडवैद्याच्या लेपाचा विषय काढायच्या. शेवटी हळदीच्या दुधावर तह झाला.

तारा काढायला पुन्हा ॲडमिट, पुन्हा भूल. हा खर्च पहिल्या अंदाजात धरलेलाच नव्हता आणि विम्यावाल्यांशी त्यावरून हुज्जत झाली ती वेगळीच. तुमच्यावर ही वेळ आली तर काढण्याचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता तो सायकल दामटतो, पण तपासण्या सुरू आहेत. या वयात मांडीचं हाड जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि तो पाय सेंटीमीटरभर लांब होऊ शकतो. म्हणून डॉक्टर दर खेपेला टेप लावून दोन्ही पाय मोजतात. सध्या फरक अर्ध्या सेंटीमीटरचा आहे. एवढ्याला काही करावं लागत नाही, असं ते म्हणतात.