खिडकीतली पाठ

घरात कुणी खिडकीशी जरा जास्त वेळ उभं राहिलं की मागून हटकून विचारणा होते, "काय बघतेयस गं एवढं?" जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिखनं १८२२ साली रंगवलेल्या, खिडकीशी उभ्या बाईलाही हेच विचारावंसं वाटतं. ही त्याची बायको कॅरोलिन. ड्रेस्डेनमधल्या त्याच्या स्टुडिओत, खिडकीचं खालचं दार उघडून ती बाहेर डोकावतेय. आपल्या वाट्याला आली ती तिची पाठ आणि हिरवट झग्याच्या चुण्या.

फ्रीडरिख खरा निसर्गचित्रांचा माणूस. धुकं, ओकची झाडं, बर्फ, चंद्र. इथे निसर्ग बाईसाहेबांनीच अडवलाय! दिसते ती गलबताची डोलकाठी, एल्ब नदीपलीकडचे पॉप्लर आणि वरच्या काचांतून फिकट आभाळ. खोली मातकट, उघडीबोडकी.

जाणकार सांगतात, अंधारी खोली म्हणजे ऐहिक जगणं, नदी म्हणजे मृत्यू, पलीकडचा काठ म्हणजे परलोक, आणि वरच्या तावदानांच्या चौकटीत क्रूस. पैलतीराची भाषा आपल्याला संतांनीच शिकवलेली, त्यामुळे हे चटकन पटतं. पण असा तक्ता हाती आला की चित्र बघणं राहतं बाजूला, नुसता ताळा जुळवणं सुरू होतं. मला त्याहून तिचा किंचित कललेला तोल बोलका वाटतो. खोलीतल्या साऱ्या रेषा पट्टी लावून मारल्यासारख्या उभ्या-आडव्या. तीच काय ती तिरकी. सगळी ओढ त्या तिरकेपणात आहे.

१८१० साली बर्लिनमध्ये फ्रीडरिखचं 'समुद्राकाठचा संन्यासी' हे चित्र लोकांसमोर आलं, तेव्हा ते बघताना पापण्याच कापून टाकल्यासारखं वाटतं, असं जर्मन लेखक क्लाइस्टनं लिहिलं होतं. डोळा टेकवायला जागाच नाही. एवढासा संन्यासी, तोही पाठमोरा, आणि वर अफाट आभाळ. त्या समुद्रावर आधी गलबतं होती. ती फ्रीडरिखनं रंगाखाली बुजवली, हे पुढे अवरक्त किरणांच्या तपासणीत उघड झालं. बारा वर्षांनी गलबत परत आलं ते असं, बायकोच्या आड लपून. एकीकडे सगळं उघडं, दुसरीकडे सगळं झाकलेलं, आणि हुरहुर तीच.

खिडकीच्या कट्ट्यावर उजवीकडे बाटल्या आहेत. त्यांचाही कुणी गूढार्थ लावला असेल. मला त्या रंगात मिसळायच्या तेलाच्या वाटतात.