तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या तोंडात सुया कशाला?

राजारामपुरीत भाजी घेताना, बँकेत, भावाच्या साखरपुड्यात, जिथं जाईन तिथं तेच. "गाल कुठं गेले गं? आणि सुया कशाला टोचून घेतल्यास?" एकदाच लिहून टाकते.

मी झोपेत दात खाते. (कुणावर, ते विचारू नका.) दाढा झिजून सपाट झाल्यात, सकाळी कानशिलं ठणकतात. रात्रभर जबडा आवळून आवळून चावायचा स्नायू, मॅसेटर, फुगतो; तालमीत दंड फुगतात तसाच. रात्री घालायचा गार्ड वापरून झाला. दाढा वाचल्या, ठणका राहिला. मग त्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनच्या, म्हणजे बोटॉक्स म्हणतात त्याच्या सुया, दोन्ही बाजूंना 25-25 युनिट. नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही, बसून राहिलेला स्नायू दीड-दोन महिन्यांत रोडावतो. चार-सहा महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू.

हे सगळं खरं आहे. पण तेवढंच नाही. शाळेपासून मला 'पैलवान' म्हणायचे. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात, कोल्हापुरात, हा मान आहे म्हणे. असेल, पोरांना. ऑफिसातल्या एकीनं ओठ भरून घेतले तेव्हा "पैसे उतू चाललेत" म्हणून हसणारीही मीच. त्या बाईला आज मी काय उत्तर देऊ? माझं दुखत होतं, हे सांगेन. "फक्त दुखत होतं?" असं तिनं विचारलं, तर गप्प बसेन.

सुया घेऊन दोन आठवडे झाले होते. मामाकडं रविवारचं मटण. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. दुसऱ्या तुकड्यालाच जबडा थकला. दुखत नव्हतं, गोधडी पिळून मनगटं गळतात ना, तसं. तिसरा तुकडा गालात नुसता धरून बसले, मग हळूच काढून ताटाच्या कडेखाली सरकवला. मामीनं बघितलं. "रूट कॅनल झालंय," मी म्हणाले. ती काही बोलली नाही. माझं ताट ओढून घेतलं, हाडावरचं मटण बोटांनी सोडवलं, बारीक केलं, भाकरी कुस्करली, वर पांढरा रस्सा ओतला. माझ्या आज्जाला शेवटच्या वर्षी ती असंच द्यायची. तीच बोटं, तसाच काला. मी चौतीस वर्षांची. सगळ्यांसमोर चमच्यानं खाल्लं. भांडी घासताना तिनं विचारलं, "दुखत हुतं म्हणून केलंस, का कुणी काय बोललं म्हणून?" नळ चालू होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. "थोडे दिवस कडक खाणं जड जाईल," म्हणाले होते. कडक म्हणजे मला चिक्की वाटली.

आता पाचवा महिना. मटण चावतंय. कानशिलं पुन्हा ठणकायला लागलीत, गालही भरायला लागलेत, आणि आरशात मी आधी गालच बघते. काल क्लिनिकातून पुढच्या तारखेसाठी फोन आला. सोमवारी कळवते म्हटलं. रविवारी मामाकडं जेवण आहे.