‘डिस्कस अबाउट’ येतं कुठून?

‘लेट अस डिस्कस अबाउट धिस टुमारो.’ हिंजवडीतली मीटिंग असो, कॉलेजातली व्हायवा असो, सोसायटीची सभा असो, मराठी माणूस इंग्रजी बोलायला लागला की हे वाक्य कधी ना कधी येतंच, आणि शिकवणारे त्याच्यावर लाल रेघ मारून ‘अबाउट नको’ एवढंच सांगून पुढे जातात. का नको ते सांगत नाहीत. मला ते ‘का’ फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते एकदा डोक्यात बसलं की अशी डझनभर क्रियापदं एकदम सुटतात, एकेक वेगळं पाठ करत बसावं लागत नाही.

मी नारायण पेठेत राहते. आमच्या आजूबाजूला अभ्यासिकाच अभ्यासिका, आणि तिथली काही मुलं-मुली रविवारी सकाळी इंग्रजी घेऊन आमच्याकडे बसतात. बहुतेक सगळी एमपीएससी करणारी, कोणी परभणीकडचं, कोणी वाशीमचं, मराठी माध्यमातली नाहीतर सेमीतली. संयुक्त मुख्य परीक्षेला मराठी-इंग्रजीचा पेपर असतो आणि त्यातल्या प्रिपोझिशनच्या रिकाम्या जागा यांना फार छळतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांत शेवटी पानंच्या पानं नुसती यादी असते, अबाउंड इन, अबस्टेन फ्रॉम, अकस्टम्ड टू, असं ए पासून सुरू. पोरं ती रात्र-रात्र घोकतात आणि थोड्या दिवसांनी विसरतात, यात त्यांचा काही दोष नाही, अर्थ न लावता पाठ केलेलं टिकणार कसं.

म्हणून मी आधी मराठीच काढते. हे बघा: आईला विचार, आईकडे माग, आईशी बोल, आईवर रागावू नको. माणूस एकच, आई, पण क्रियापद बदललं की मागचं ला, कडे, शी, वर बदललं. हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणीच नाही, ऐकून ऐकून आलं. पण पुण्यात नोकरीला आलेल्या हिंदी भाषिक माणसाला विचारा, त्याला हे किती जड जातं ते. त्याच्याकडे माँ से पूछो, माँ से माँगो, माँ से बात करो, सगळीकडे एकच ‘से’, मग तो मराठीत ‘मी सरांशी विचारलं’ म्हणतो आणि आपल्याला लगेच खटकतं. तो काही चुकीचा विचार करत नसतो, त्याच्या भाषेची सवय तो आपल्या भाषेत घेऊन आलेला असतो. आपण इंग्रजीत जाताना अगदी हेच करतो. म्हणजे क्रियापदाने आपला प्रत्यय ठरवून ठेवायचा ही इंग्रजीची खोड नाहीच, मराठीतही तेच चालतं.

आता ‘डिस्कस’कडे येऊ. मराठीत डिस्कसला सुटसुटीत एक क्रियापद आहे का? आपण ‘चर्चा करणे’ म्हणतो. म्हणजे ‘चर्चा’ हे नाम आणि त्याला ‘करणे’ जोडलेलं. आणि ‘च्याबद्दल’ कोणाला चिकटलंय? करण्याला नाही, चर्चेला! ‘फीबद्दल चर्चा’. इंग्रजीतसुद्धा नाम घेतलं की अबाउट येतोच, ‘अ डिस्कशन अबाउट द फीज’ एकदम बरोबर आहे. पण ‘डिस्कस’ हे क्रियापद, ते त्या विषयाला थेट कर्म म्हणून घेतं, मध्ये काही लागत नाही. आपण मनात नाम ठेवून तोंडाने क्रियापद बोलतो, आणि नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाच्या मागे चिकटून येतं.

एवढं लक्षात आलं की पुढची रांग आपोआप उभी राहते. मागणी करणे, म्हणून ‘डिमांड फॉर’. खरं तर ‘दे डिमांडेड अ रीफंड’, पण नाम घेतलं तर ‘अ डिमांड फॉर अ रीफंड’. विनंती करणे, म्हणून ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’. खरं तर ‘रिक्वेस्टेड लीव्ह’, नाम घेतलं तर ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. भर देणे, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’; क्रियापदाला ऑन नको, ‘एम्फसिस ऑन’ला हवा. संपर्क साधणे, भेट देणे, उत्तर देणे, सगळ्यांची तीच गोष्ट: ‘कॉन्टॅक्ट हिम’, ‘व्हिजिट द फोर्ट’, ‘आन्सर द क्वेश्चन’, पण नाम झालं की ‘अ व्हिजिट टू द फोर्ट’ आणि ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’.

माझं आवडतं उदाहरण लाल महालाचं आहे, आमच्याकडून चालत जाण्याइतकं जवळ. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात मुक्काम ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानावर छापा घातला. मुलांना मी हे एकच वाक्य इंग्रजीत दोनदा लिहायला सांगते, एकदा क्रियापद वापरून, एकदा नाम वापरून. क्रियापद असेल तर ‘शिवाजी महाराज रेडेड द लाल महाल’, ऑन नाही. नाम असेल तर ‘द रेड ऑन द लाल महाल टुक प्लेस इन १६६३’, इथे ऑन पाहिजेच. मग ‘अटॅक’ घ्या, तेच. मग ‘महालात प्रवेश केला’ घ्या: ‘दे एंटर्ड द महाल’, आणि नाम घेतलं की ‘देअर एन्ट्री इन्टू द महाल’. एका छाप्यात तीन क्रियापदं होतात, आणि गोष्ट सगळ्यांना आधीच पाठ असते त्यामुळे पूर्ण लक्ष त्या एका शब्दावर राहतं.

लग्नाचं थोडं वेगळं आहे. ‘कोणाशी लग्न करणे’ म्हणून आपण ‘शी मॅरीड विथ अ डॉक्टर’ म्हणतो. क्रियापदाला काही नको, ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. पण अवस्था सांगायची असेल, म्हणजे तिचं लग्न डॉक्टरशी झालेलं आहे, तर ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’. तिथे टू येतो, विथ नाही. ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ असं बायोडेटात दिसतं ते बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.

बरं, याची उलटी बाजूही आहे, आणि ती मला जास्त मजेची वाटते. जिथे मराठीत छोटं, एकटं क्रियापद असतं, ऐक, बघ, माग, शोध, तिथे आपण वस्तू थेट घेतो, गाणं ऐक, फळा बघ, पाणी माग, चावी शोध, आणि इंग्रजीला मात्र तिथे मध्ये काहीतरी लागतं: लिसन टू, लुक ॲट, आस्क फॉर, लुक फॉर. मुलं इथे प्रिपोझिशन जास्तीचं लावत नाहीत, गाळतात. ‘आय ॲम लिसनिंग म्युझिक’ हे तिथूनच येतं.

यात ‘सर्च’ तर फारच सुंदर आहे. मध्ये एका रविवारी परभणीकडच्या एका मुलीने वहीतलं वाक्य वाचून दाखवलं, ‘पोलीस सर्च्ड द कार’, आणि मराठी सांगितलं, पोलिसांनी गाडी शोधली. मी विचारलं, गाडी हरवली होती का? ती म्हणाली, हो ताई, हरवली म्हणूनच शोधली ना. मग तिथेच थांबलो सगळे. मराठीत ‘शोधणे’ला जे सापडायचं आहे ते कर्म, पण इंग्रजी ‘सर्च’ला जिथे शोधायचं ती जागा कर्म. म्हणजे ‘सर्च्ड द कार’ म्हणजे गाडीची झडती घेतली, डिकी उघडली, सीटखाली बघितलं. आणि हरवलेली गाडी शोधली असेल तर ‘सर्च्ड फॉर द कार’. एका ‘फॉर’ने गाडी पोलिसांसमोर उभी आहे की गायब आहे ते ठरतं. तिने वहीत झडती आणि शोध असे दोन शब्द लिहिले, मध्ये उभी रेघ मारली, आणि मग स्वतःच म्हणाली की ‘सर्च द बॅग फॉर द की’ असंही होईल ना, बॅग पण आणि किल्ली पण. होईल ना, अगदी असंच होतं. मला फार आनंद झाला, कारण हे वाक्य तिला कोणी दिलेलं नव्हतं, तिने ते स्वतः घडवलं होतं.

हा नियम सगळीकडे चालत नाही हे पण सांगायला हवं. ‘अवलंबून असणे’ मराठीत ‘वर’ घेतं आणि ‘डिपेंड’ ऑन घेतं, छान जुळलं, तिथे वेळ घालवू नका. ‘विश्वास ठेवणे’ मात्र ‘वर’ घेतं आणि ‘बिलीव्ह’ला ऑन चालत नाही, देवावर असेल तर ‘बिलीव्ह इन गॉड’, आणि तू सांगतोस ते खरं मानतो एवढंच असेल तर नुसतं ‘आय बिलीव्ह यू’. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’ निघतं, तिथे विथ किंवा ॲट. ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणून ‘सीनियर दॅन मी’ निघतं, तिथे टू, कारण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून आलेले आणि मुळातच ‘पेक्षा’वाला अर्थ पोटात घेऊन आलेले शब्द आहेत. ‘प्रिफर टी टू कॉफी’मध्येही दॅन नाही, टूच.

ही छोटी अक्षरं इंग्रजीत इतकी माजली कशी याचं उत्तर पण ऐकण्यासारखं आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्यासारख्याच विभक्ती होत्या, नामाला प्रत्यय लागायचे. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले, षष्ठीचा तो ‘राम्स बुक’मधला एस तेवढा राहिला आणि ‘ही’चं ‘हिम’ होतं तसे काही अवशेष, आणि बाकीचं सगळं काम प्रिपोझिशनवर पडलं. म्हणजे आपण ज्याला रिकामी जागा म्हणतो ती खरं तर विभक्तीची जागा आहे. आणि ही अक्षरं म्हातारी आहेत, जुने अर्थ अजून धरून बसलीत. एका एफचा ‘ऑफ’ आणि दोन एफचा ‘ऑफ’, पंखा बंद करतो तो, हे मुळात एकच शब्द, अर्थ ‘पासून दूर’. म्हणूनच ‘रॉब्ड हिम ऑफ हिज मनी’, ‘क्युअर्ड हिम ऑफ मलेरिया’, ‘गेट रिड ऑफ’, ‘डिप्राइव्ह ऑफ’. या सगळ्यांत माणसापासून काहीतरी दूर गेलंय, पैसे, आजार, कटकट, हक्क. यादीत हे चारही वेगवेगळ्या पानांवर असतात, कारण यादी एबीसीडीने लावलेली. ‘विथ’ तर जुन्या इंग्रजीत ‘च्या विरुद्ध’ असा होता, ‘विथस्टँड’मध्ये तो अजून आहे, म्हणून ‘फाइट विथ’, ‘क्वारल विथ’. आपला ‘शी’ असाच आहे बघा, मित्राशी बोलतो आणि शत्रूशी लढतो, दोन्हीकडे शी.

तसाच ‘ॲट’ म्हणजे नेम. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याच्याकडे टाक, त्याने झेलावा म्हणून. ‘थ्रो इट ॲट हिम’ म्हणजे फेकून मार. ‘शाउट टू’ लांबच्या माणसाला हाक, ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणं. लाफ ॲट, एम ॲट, स्टेअर ॲट, सगळे नेम धरून.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की पुस्तकातली यादी बाजूला ठेवा आणि स्वतःची वही करा, आणि त्यात फक्त भांडणारी क्रियापदं घ्या, जिथे मराठीचा प्रत्यय एक सांगतो आणि इंग्रजी दुसरंच. जुळणारी लिहायचीच नाहीत. आणि नुसतं क्रियापद कधी लिहायचं नाही, माणूस आणि वस्तू दोन्ही घालून पूर्ण सांगाडा लिहायचा, ‘अपॉलोजाइज टू समबडी फॉर समथिंग’, ‘प्रिव्हेंट समबडी फ्रॉम डूइंग समथिंग’, ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’. ‘एक्सप्लेन मी’ का चालत नाही हे या शेवटच्या ओळीत आपोआप दिसतं. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या डिक्शनऱ्यांत हे सांगाडे प्रत्येक शब्दापाशी दिलेले असतात. ही पद्धत रुजवण्यात ए. एस. हॉर्नबी या इंग्रजाचा मोठा हात आहे, तो जपानमध्ये शिक्षक होता आणि त्याची पहिली डिक्शनरी १९४२ मध्ये टोकियोतच छापली गेली. जपानी पोरांना शब्दाचा अर्थ कळतो पण तो वाक्यात बसवता येत नाही ही अडचण त्याच्यासमोर रोज असणार. आपल्याकडे घरात असते ती इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थ देते, सांगाडा बहुतेक वेळा देत नाही, म्हणून दोन्ही जवळ ठेवा.

शेवटचं एक, कारण ईमेल लिहिणारे सगळे याच्यावर अडतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ की ‘हिअरिंग फ्रॉम यू’? ‘आय वॉन्ट टू हिअर’मधला टू आणि हा टू दिसायला सारखे, पण काम वेगळं. ओळखायचं कसं, तर टूच्या पुढे एक साधं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ बसलं ना? म्हणजे हा प्रिपोझिशन, त्याच्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावूनच यायला हवं, हिअरिंग. ‘आय वॉन्ट टू युअर रिप्लाय’ बसत नाही, म्हणजे तिथे साधं हिअर. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘सवय झालीय’ या अर्थाचा ‘ॲम यूज्ड टू’, तिघांनाही हीच कसोटी लावा: ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅफिक’ चालतं, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग इन पुणे’.