सात ग्रॅम लोखंड, चार ग्रॅम गंधक

मिश्रण आणि संयुग यांतला फरक दाखवायचा तर लोखंड-गंधकाच्या प्रयोगाला तोड नाही. पण बहुतेक वेळा तो अर्धाच होतो. कीस आणि पूड कालवली, चुंबक फिरवला, तापवलं, काळा खडा दाखवला, तास संपला. वजनं सात आणि चारच का, हे राहूनच जातं.

लोहाचं अणुवस्तुमान 56, गंधकाचं 32. गंधकाच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात, आठ भरायला दोन कमी. लोहाचा अणू दोन सोडू शकतो. (तीनही सोडतो, गंजात तेच होतं, पण इथे दोनवर भागतं.) म्हणजे अणूला अणू, एकास एक. 56 ला 32, भाग देऊन 7 ला 4. प्रत्यक्षात ही देवघेव पाठ्यपुस्तकातल्या बाणांइतकी स्वच्छ नसते, पण वजनाच्या हिशेबाला एवढं पुरतं.

लोखंडाचा कीस बारीक, कोरडा आणि न गंजलेला हवा. लेथखालचा बुरादा तेलकट असतो. तापवला की धूर करतो. गंधक प्रयोगशाळेचंच घ्या. द्राक्षबागेत भुरीवर फवारतात ते 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक इथे चालत नाही. 4 ग्रॅम घेतलंत तरी त्यात गंधक 3.2 ग्रॅमच, आणि ते 5.6 ग्रॅम लोखंडाला पुरतं. उरलेलं 1.4 ग्रॅम लोखंड शेवटी चुंबकाला चिकटतं आणि प्रयोग फसला असं वाटतं.

दोन्ही कागदावर घेऊन रंग एकसारखा करडा-पिवळा दिसेपर्यंत मिसळा. चुंबक कागदात गुंडाळूनच फिरवा, नाहीतर कीस त्यावरून खरवडत बसावं लागतं. चुंबकाने लोखंड वेगळं निघतं, म्हणजे इथपर्यंत हे मिश्रणच आहे: सातास चारऐवजी दहास एक घेतलं तरी ते मिश्रणच राहतं.

11 ग्रॅममधलं साधारण 2 ग्रॅमच कोरड्या, उष्णतारोधक काचेच्या परीक्षानळीत घ्या. तोंडाशी काचलोकरीचा सैल बोळा बसवा. कापूस नको, तो पेटतो. बोळा नसेल तर गंधकाची वाफ तोंडाशी निळ्या ज्योतीने जळते आणि खोलीभर सल्फर डायऑक्साइडचा ठसका लागतो. गॉगल घाला, खिडक्या उघडा.

ज्योत नळीच्या तळाशीच धरा. साधारण 115 अंशांना गंधक वितळतं, मग गडद होतं. तळाशी लाल ठिणगी दिसली की ज्योत लगेच बाजूला काढा. लाली आपली आपण वर सरकत जाते. हा क्षण चुकवू नये. आता उष्णता दिव्याची नाही, बंध तयार होताना बाहेर पडणारी आहे. सगळं 11 ग्रॅम मिश्रण एकदम जुळलं तर सुमारे 12 किलोज्यूल मिळतील, म्हणजे जवळपास 40 मिलिलिटर पाणी उकळीपर्यंत आणण्याइतकी. ज्योत काढलीच नाही तर हे दिसत नाही. मुलांना वाटतं, दिव्यानेच लाल केलं. लाली मध्येच विझली तर कीस जाड आहे किंवा मिश्रण नीट कालवलेलं नाही.

नळी पूर्ण गार होऊ द्या, मग कपड्यात गुंडाळून फोडा. काळपट खडा निघतो, लोह सल्फाइडचा. कण भरून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. आधीच्या मिश्रणावर तेच आम्ल घातलं तर लोखंडातून बिनवासाचा हायड्रोजन निघतो आणि गंधक तसंच राहतं. फरक दाखवायला ही चाचणी चुंबकापेक्षा सरस, पण अगदी थोड्यावर आणि उघड्या हवेत करा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही.

आता गंमत. संयुगात मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण ठरलेलं असतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्तने 18व्या शतकाच्या अखेरीस मांडलं. त्याचाच समकालीन रसायनशास्त्रज्ञ क्लोद बेर्तोलेचं म्हणणं, प्रमाण बदलू शकतं. वाद प्रूस्तने जिंकला, आणि आपण त्याचा नियम शिकवायला नेमकं लोह सल्फाइड निवडलं. या संयुगाच्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहू शकतात. निसर्गात सापडणाऱ्या पायऱ्होटाइट या खनिजात तर आठ गंधक-अणूंमागे सातच लोह-अणू असू शकतात, आणि तसं खनिज चुंबकाला ओढलंही जातं. अशा, ठरलेलं प्रमाण न पाळणाऱ्या संयुगांना पुढे बेर्तोलेच्याच नावावरून बर्थोलाइड म्हणू लागले.

म्हणून वजनं काटेकोर घेऊनही खडा चुंबकाकडे किंचित सरकला, तर लगेच विद्यार्थ्याचे गुण कापू नका. आधी खडा बारीक करून बघा. मोकळं लोखंड उरलं असेल तर काही कण झटकन उडी मारून चुंबकाला चिकटतील आणि बाकीची पूड तशीच राहील. सगळीच पूड आळसावल्यासारखी थोडी ओढली जात असेल, तर दोष बहुधा तराजूचा नाही, स्फटिकाचा आहे.