पाने गावातून लिंगाणा

लिंगाणा म्हणजे रायगडासमोरचा सुळक्यासारखा किल्ला. तिथे जाणारे बहुतेक जण हल्ली घाटावरून, मोहरी गावाच्या बाजूने येतात. रायलिंगच्या पठारावरून सुळका डोळे भरून बघायचा, बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीतून, खिंडीशी उतरायचं आणि दोर लावायला घ्यायचे. सोयीचं आहे, वेळही वाचतो. आम्ही मात्र महाडकडून, काळ नदीच्या खोऱ्यातल्या पाने गावातून गेलो. आता माझं ठाम मत झालंय, की लिंगाणा कोकणातूनच चढावा. पठारावरून तो नुसता दिसतो. खालून घाम गाळत आलं की तो तिथे का आहे, ते कळतं.

आदल्या संध्याकाळी गावात पोचलो. ज्यांच्या पडवीत पथारी टाकली त्या मावशींनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. जेवणं झाल्यावर काकांनी आमची एकेक सॅक उचलून पाहिली. "दोर लय घेतलेव, पानी कमी हाय," ते म्हणाले. "उन्हं चढायच्या आत खिंड गाठा. वर टाक्यात पानी गावंल, पन पिन्याजोगं आसंलच आसं नाय." मग आणखी दोन कॅन भरले. एक त्यांच्या पुतण्याने घेतला. तो खिंडीपर्यंत वाट दाखवायला येणार होता.

पहाटे अंधारातच निघालो. सुरुवातीची शेतं आणि ओढा पटकन मागे पडला. मग रान लागलं आणि वाट उभी झाली. थंडीचे दिवस असूनही कोकणातली दमट हवा अंगातून पाणी काढतेच. उजाडेपर्यंत शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. कारवीत वाट सारखी हरवायची. गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या. पुतण्या मात्र कुठे न थांबता चालत होता, मध्येच एखाद्या दगडावर दगड ठेवत होता. "परतीला लागंल," एवढंच बोलला.

नाळेत शिरल्यावर खरी परीक्षा. दोन्ही बाजूंना कडे आणि मधे पावसाळ्यात वरून आलेल्या धोंड्यांचा खच. पाठीवर दोर, हार्नेस (चढाईचा कमरपट्टा), कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या), पाणी, शिधा. धोंडा हलतोय का ते पाहूनच पाय टाकायचा, आणि वरच्याने दगड सुटला की "दगड!" म्हणून ओरडायचं. खिंडीपर्यंतची ही चढण दीड हजार फुटांहून अधिक आहे आणि सुळक्याला अजून हातही लागलेला नसतो.

नाळेत दम खायला थांबलो तेव्हा मागे वळून पाहिलं. खोऱ्यापलीकडे रायगड उभा होता. बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, निसणीची नाळ, घाटावरून कोकणात उतरणाऱ्या या सगळ्या वाटा इथेच आसपास आहेत. त्यांतून कुणीही खाली आला की समोर थेट राजधानी. मोऱ्यांचा पाडाव करून १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्यानंतर लिंगाण्याचा गड उभा राहिला. घाटाची भिंत आणि रायगड यांच्या बरोबर मधे, वाटांच्या तोंडावर पहारा देणारा. पुढे इथे कैदी ठेवत. ज्या वाटेने आपण धापा टाकत आलो, त्या वाटेने पळून कुणी किती लांब जाणार, हा विचार तिथे बसून आपसूकच मनात येतो.

खिंडीतून सुळका हजारेक फूट चढतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, म्हणून इथली चढाईही तशीच. एक कातळटप्पा, मग गवताची अरुंद पट्टी, परत कातळ. कातळ उभा असला तरी तिथे पकडी मिळतात. जपायचं ते सोप्या वाटणाऱ्या पट्टीवर. वाळलेलं गवत, खाली भुसभुशीत मुरूम, आणि बाजूला सरळ दरी. आमच्यातला लीड करणारा, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणारा मित्र प्रत्येक मोठी पकड धरण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचा. भरीव दगड टणटणीत वाजतो, सुटलेला भद्द. एका निवडुंगाच्या बुंध्याशी हाताएवढा दगड तसा वाजला. त्याने तो सोडला, अर्धा फूट डावीकडे बोटं रुतवली आणि मगच वजन टाकलं. मी खाली बिले देत, म्हणजे त्याचा दोर सांभाळत होतो, दोर हातातून इंचाइंचाने सरकत होता. वाटेत ठोकलेले जुने बोल्ट आहेत, पण गंजलेल्या बोल्टवर आम्ही भिस्त ठेवली नाही. अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, नेहमी दोन ठिकाणी घेतला.

निम्म्या वाटेवर गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. कुठे कुठे कातळात खोदलेल्या पायऱ्या अजून दिसतात, मधेच तुटलेल्या. रात्र गुहेतच काढली. काकांचं म्हणणं खरं होतं. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून भांडी धुण्यापुरतं वापरलं. खालून वाहून आणलेल्या त्या दोन कॅननी आम्हाला तारलं.

सकाळी उरलेले टप्पे चढून माथ्यावर आलो. माथा चिंचोळा, चार पावलांत संपणारा. लिंगाणा रायगडापेक्षा थोडा उंच आहे, त्यामुळे राजधानी किंचित खालच्या अंगाला दिसते. जगदीश्वराचं देऊळ स्पष्ट ओळखू आलं. १६७४ च्या राज्याभिषेकाचा गजर इथल्या पहारेकऱ्यांना ऐकू गेला असेल का, यावर आमची बरीच चर्चा रंगली. वाऱ्याची दिशा हवी, यावर एकमत झालं.

उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली सरकत उतरणं. दोराच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळतो, कारण दमलेल्या माणसाच्या हातून उतरताना अपघात होऊ शकतात. नाळेत पुतण्याने रचलेले दगड जागच्या जागी सापडले.

जाणार असाल तर पाने गावातून जा, आणि गावातला माणूस बरोबर घ्या. त्याची मजुरी आधी ठरवा आणि न घासाघीस करता द्या. त्या रानात वाट त्यालाच माहीत असते. आम्ही पुढच्या थंडीत सिंगापूर नाळेने चढायचं ठरवलंय, आणि पुतण्याला आत्ताच सांगून ठेवलंय.