टकटक, दव आणि ७२० किलोहर्ट्झ

दूरदेशीची मीडियम वेव्ह रेडिओ केंद्रं पकडायचा माझा नाद, आणि रात्री रेडिओत येणारी एक टकटक त्याच्या मुळावर उठलेली. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की टकटक गेली, चोक (केबलवरून घुसणारा गोंगाट अडवणारी रिंग) लागू पडला, वॉटरफॉल (लॅपटॉपवर सिग्नल दाखवणारा सरकता पट) धुतल्यासारखा झाला. ते सपशेल मागे घेतो. टकटक गेली नव्हती, एका रात्रीपुरती रजेवर होती. आणि रजा तिला माझ्या चोकने नाही, वाऱ्याने दिली होती. आता मात्र खरंच गेलीय. २१ तारखेच्या पहाटे साडेतीनला ७२० किलोहर्ट्झवर ऑस्ट्रेलियातलं पर्थ आलं, तिथल्या सार्वजनिक रेडिओचं, म्हणजे एबीसीचं ६डब्ल्यूएफ! ५० किलोवॅट, सात हजारांवर किलोमीटर, रत्नागिरीच्या सड्यावर. पण आधी रडगाणं.

सेटअप तोच आहे. २०० मीटरची बेव्हरेज (जमिनीलगत ताणलेली लांब तारेची, मुख्यतः एकाच दिशेचं ऐकणारी अँटेना), १४० अंशांवर म्हणजे आग्नेयेला, बांबूंवर दोन मीटर उंच. पर्थकडच्या टोकाला ४७० ओहमचा रोधक, इकडच्या टोकाला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून कोॲक्स केबल मामांच्या मांगरात (शेतातल्या खोपटात). रिसिव्हर एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी, लॅपटॉप बॅटरीवर. जांभ्याची जमीन वीजवहनाच्या दृष्टीने दळभद्री, आणि बेव्हरेजला नेमकी तशीच लागते. शिवाय तारेची पाठ वायव्येला येते, त्यामुळे इराण आणि आखाताकडचे बडे आवाज बऱ्यापैकी दबतात. सड्यावर तार टाकण्यामागचा सगळा हिशोब एवढाच.

७२० चं दुखणं सगळ्यांना माहीत आहे: त्याच ७२० वरची आकाशवाणी चेन्नई. तिचे २०० किलोवॅट इथून साधारण १२० अंशांवर, पर्थ १४० वर. वीस अंशांच्या फरकात लूप अँटेना फिरवून नल काढायला, म्हणजे नको ते केंद्र दाबायला बसलात तर चेन्नईबरोबर पर्थही जाईल. म्हणजे रात्री अकरा-सव्वाअकराला चेन्नई झोपली (प्रसारण थांबलं) की पुढे आपली पाळी. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे त्यांचा टॉप ऑफ आवर, तासाचा ठोका, आपल्याकडे अर्ध्या तासाला येतो. (नवखे इथेच फसतात, बरोबर तीनला कान लावून बसतात आणि काही मिळालं नाही म्हणून झोपतात.) तिथे डेलाइट सेव्हिंगचं लचांडही नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पर्थचा सूर्योदय आपल्या तीन अठ्ठावीसच्या आसपास होतो. सूर्योदयाच्या तोंडाशी सिग्नल उसळी घेतो, आणि त्याच क्षणी त्यांच्या सहाच्या बातम्या. असा योग वर्षात थोडेच दिवस असतो, आणि त्याच दिवसांत माझ्या वॉटरफॉलवर कोणीतरी हातोडा घेऊन बसलं होतं.

आवाज कसा, तर बझ्झ नव्हे. खांबावरच्या फुटक्या इन्सुलेटरची गुरगुर आपण सगळे ओळखतो, ती हातात हात घातल्यासारखी सलग येते. हे म्हणजे टक्. मग गप्प. मग टक्. वॉटरफॉलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या रेघा, वहीला आखलेल्या असाव्यात तशा. घड्याळ लावून मोजल्या: मिनिटाला पन्नास. रात्री साडेबारा-एकला हळूच सुरू व्हायचं आणि तीनपर्यंत एस-७ वर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या पट्टीवर सात) जायचं. संध्याकाळी औषधालाही नाही.

मग नेहमीचं कर्मकांड. घराचा मेन स्विच पाडला, फरक शून्य. मामींचा फ्रीज, राउटर, इन्व्हर्टर, देव्हाऱ्यातली एलईडीची माळ, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेजारच्या वाडीतल्या नव्या बीएलडीसी पंख्यांवरही घेतला आणि बिचाऱ्यांना रात्री एकला फोन केला. त्यांनी पंखे बंद केले हा त्यांचा मोठेपणा. सॉफ्टवेअरचा नॉइज ब्लँकर (टक् च्या क्षणापुरता आवाज कापणारी सोय) लावला तर रेघा अर्ध्या झाल्या, पण ११४३ वरची आपली आकाशवाणी रत्नागिरी इतकी जवळ आणि दणदणीत आहे की ती चालू असताना ब्लँकर तिलाच कापायला लागतो आणि तिचा भुसा आजूबाजूला उडतो. ब्लँकर हा रात्रीचा नोकर, दिवसा त्याला कामाला लावू नये असं माझं मत झालंय.

मग चोकचा नाद. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ‘७३ मिक्स, साहेब, एकदम ओरिजिनल’ म्हणून चार कोअर (चोकसाठीच्या फेराइट रिंगा, ७३ हा त्यांच्या मालाचा प्रकार) आणले होते. नॅनोव्हीएनए या खिशातल्या मोजणीयंत्रावर लावले तेव्हा ७०० किलोहर्ट्झला त्यांचा इम्पिडन्स (अडवण्याची ताकद) लाजिरवाणा निघाला. ते काय आहेत ते देव जाणे, ७३ नक्की नाहीत. कोअर घ्यायला जाल तर व्हीएनए खिशात घालून जा आणि काउंटरवरच दोन वेढे मारून बघा, दुकानदार नाक मुरडेल तर मुरडू दे. शेवटी एका मित्राच्या डब्यातली खरी रिंग मिळाली, कोॲक्सचे बारा वेढे घातले, आणि त्या रात्री शांतता! हीच ती मागची नोंद. पुढच्या रात्री टकटक हजर.

सुगावा लागला तो भर दुपारी, रेडिओ बंद असताना. खालच्या मळ्यात मामांनी कलिंगड लावलंय. रानडुकरांसाठी भोवती झटका मशीनची तार, मशीन मांगराच्या मागच्या भिंतीला. मामा बॅटरी तपासायला त्याच्यापाशी उभे होते, मशीन चालू करून बघत होते. पेटीतून आवाज आला, टक्. मग गप्प. मग टक्. तो ताल मला झोपेतही ऐकू येत होता. मी मोबाइलचं घड्याळ लावलं. मिनिटाला पन्नास.

आनंदाने नाचावं तर एक खुट्टी होतीच. मशीन संध्याकाळी सातला चालू होतं, आणि माझा त्रास सुरू होतो एकला. मधले सहा तास हा चोर साव कसा? म्हटलं, चर्चा कशाला, बंद करून बघू. मामांकडे अर्धा तास मागितला, सव्वातीन ते पावणेचार. मामा म्हणाले, “घे की. डुकरं काय तुझ्या रेडिओची वेळ बघून येतात?”

१७ तारखेला सव्वातीनला मशीन बंद केलं. रेघा गेल्या, एका झटक्यात. ७२० वर झूम केलं तर दोन वाहक (केंद्रांच्या मूळ लहरी) एकमेकांपासून दोन-तीन हर्ट्झवर, आणि त्यातला एक हळूहळू उजळतोय. तीन पंचविसाला इंग्रजी वाटावं असं काहीतरी, चिखलातून बोलल्यासारखं. आणि तेवढ्यात खालून कुत्र्याचा कल्लोळ आणि मामांची आरोळी. हेडफोन टाकून पळालो. डुकरं वेळ बघूनच आली होती! नऊ कलिंगडं फोडली, त्यातली चार नुसती चाखून टाकली. परत येऊन म्हटलं निदान रेकॉर्डिंग तरी झालं असेल, तर डिस्क दोनलाच भरलेली. ७६८ किलोसँपलच्या वेगाने रेकॉर्ड केलं तर तासाला अकरा जीबी लागतात हे मीच इथे दहादा लिहिलंय. नऊ कलिंगडांचे पैसे मामींनी माझ्याकडून काढून घेतले, आणि मशीन बंद करायचा विषय घरात कायमचा बंद झाला.

एक वाजताच का, याचं उत्तर मला माझ्या चपलेने दिलं. १८ च्या रात्री दीडला बाहेर गेलो आणि परत आलो तर चप्पल चिंब. दव. वही काढून बघितलं: ज्या एकमेव रात्री टकटक नव्हती, त्या रात्री भन्नाट वारा होता. वारा असला की दव धरत नाही. तो माझा यशस्वी चोक!

१९ ला खिशात टेकसन पीएल-३३०, बँड संपतो त्याच्याही वर, १७०० च्या आसपासच्या मोकळ्या जागी लावलेला, हातात विजेरी, आणि कुंपणाच्या कडेकडेने निघालो. दर दहा पावलांवर थांबायचं, रेडिओ आडवा धरून ऐकायचं. वरच्या कोपऱ्यावर, सड्याची कड मळ्यात उतरते तिथे, रेडिओ टकटक न करता अक्षरशः फटके मारायला लागला. विजेरी विझवली. काळोखात नजर बसायला मिनिटभर लागलं. मग दिसलं: सुकलेल्या गवताची एक काडी तारेला टेकलेली, तिच्या टोकाला दवाचा थेंब, आणि दर टक् ला तिथे टाचणीच्या डोक्याएवढी निळी ठिणगी. चट् असा आवाजही कानाला ऐकू येत होता. पुढच्या खुंटावर तेच. तिथे इन्सुलेटर म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, वर समुद्राच्या वाऱ्याने बसलेला खारा थर. कोरडा असेपर्यंत ठीक, दव पडलं की ते मीठ ओलं होतं आणि वीज त्यावरून चालत जाते. असे अकरा खुंट निघाले. तीनशे मीटर तार ठिणग्यांनी भरलेली, आणि त्यातला शंभरेक मीटरचा पट्टा माझ्या बेव्हरेजला समांतर, जेमतेम चाळीस मीटरवर. स्पार्क ट्रान्समीटर म्हणतात तो हाच. मामांनी लायसन्स न काढता चालवलेला.

२० चा सगळा दिवस कोयता आणि पान्हा. कडेचं गवत साफ केलं, कृषी सेवा केंद्रातून प्लास्टिकचे तयार इन्सुलेटर आणून अकराही खुंटांवर चढवले. महाग नाहीत, मामांनी इतकी वर्षं ट्यूब का वापरली तर ‘होती म्हणून’. आणि काम करताना दुसरी चूक दिसली, ती माझी स्वतःची: माझी अर्थिंगची सळई मशीनच्या सळईपासून तीन हातांवर ठोकलेली. का, तर तिथेच जांभ्याला भेग होती आणि मला पहार मारायचा कंटाळा. म्हणजे ठिणग्या गेल्या तरी झटक्याचा परतीचा प्रवाह माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाखालून जाणार. पंचवीस मीटर अंतरावर नवा खड्डा, मीठ, कोळसा, दोन बादल्या पाणी. हाताला फोड आले ते अजून आहेत. चोकही काढला नाही, आता त्याची कामगिरी दिसायला लागलीय.

त्या रात्री दव भरपूर, वारा नाही, मशीन चालू. एक वाजला, दीड वाजला. वॉटरफॉलवर रेघा आहेत, पण शिसपेन्सिलीने हलक्या हाताने काढाव्यात तशा. एस-३. ब्लँकर लावला तर त्याही पुसल्या. रत्नागिरी केव्हाच झोपलेली, त्यामुळे कापाकापी नाही.

तीन वीसला वाहक जाडसर झाला. चोविसाला पुरुषाचा आवाज, शब्द नाहीत, नुसता हेल. सत्ताविसाला खोल फेड, सिग्नल पार बुडाला, छातीत धस्स. आणि अठ्ठाविसाला पडदा बाजूला केल्यासारखं ‘क्विनाना फ्रीवे’ लख्ख. साडेतीनला एबीसीच्या बातम्यांची तुतारी. बातम्यांतलं निम्मं कळलं, निम्मं गेलं, पण मला बातम्यांशी काय देणंघेणं? तीन एक्केचाळीसला सगळं विरघळलं. डिस्क या वेळी रिकामी होती, फाइल तीन जागी ठेवलीय.

पर्थचा ऑनलाइन रिसिव्हर उघडला तर हेच स्टेशन दिवसभर फुकटात ऐकू येतं, हे मला सांगू नका. ते दुसऱ्याच्या ताटातलं जेवण.

सकाळी मामांना फाइल ऐकवली. त्यांना फ्रीवेचं काही वाटलं नाही, पण हे स्टेशन १९२४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांच्या कंपनीने काढलं, आणि ६डब्ल्यूएफ मधलं डब्ल्यूएफ म्हणजे वेस्ट्रेलियन फार्मर्स, हे सांगितल्यावर मात्र त्यांनी फाइल पुन्हा लावायला लावली. मग विचारलं, “त्यांच्याकडे डुकरं आहेत काय?”

पुढचं. मार्चमध्ये तार पूर्वेकडे वळवून १५४८ चं क्वीन्सलंडमधलं एमराल्ड बघायचं असं ठरलं होतं. ते रद्द. आहे त्याच तारेवर, त्याच दिशेला पश्चिम ऑस्ट्रेलियातलं वॅगिन आहे, ५५८ वर, तेही ५० किलोवॅट. अडचण त्याच ५५८ वरच्या आपल्या मुंबई ‘ब’ ची, पण तीही रात्री झोपते. सूर्योदयाची वेळ जवळपास तीच. आठवडाभर तेच करणार. ५६७ च्या न्यूझीलंडबद्दल विचारणाऱ्यांनो, आधी ३०० किलोवॅटच्या दिब्रुगडला झोपवा, मग बोलू. आणि के-इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचं माप) पाच बघून रात्र सोडून देणाऱ्यांना एवढंच की आपला हा मार्ग विषुववृत्त ओलांडून खाली जातो, ध्रुवाकडच्या गोंधळाशी त्याचा संबंध फार थोडा. बसून राहा.

थांबा, हे लिहितानाच एक डोक्यात आलं. कलिंगड मार्चअखेर उतरतं. मग मशीन बंद, आणि तीनशे मीटर तार, नवे इन्सुलेटर, खुंट ठोकलेले, मोकळी पडून. मोबाइलच्या होकायंत्राने आत्ताच बघून आलो, लांब बाजू १५० अंशांवर आहे. दहा अंश इकडेतिकडे काय एवढं! वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत एप्रिलचे दोन-तीन आठवडे मिळतील, तेव्हा पर्थचा सूर्योदय चारच्या आसपास असेल. मशीनची एक वायर काढायची आणि ९:१ जोडायचा. मामांना अजून विचारलेलं नाही. त्या ट्रान्सफॉर्मरसाठी बीएन-७३-२०२ चा जास्तीचा कोअर कोणाकडे असेल तर ठेवून द्या, मी पुढच्या आठवड्यात येऊन नेतो. व्हीएनए घेऊन.